गुलाबाला पडलेला केवडा

ऑक्टोबरची छाटणी होऊन तीन आठवडे झाले होते. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर, बारा इंची कुंडीतल्या गुलाबाला नवी पालवी फुटली, पण तिच्यात नेहमीची तांबूस झाक नव्हती. पान फिकट पिवळं आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी, इतकी ठळक की बारीकसारीक शिराही मोजता याव्यात. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. झाड उपाशी आहे असं समजून मी चमचाभर डीएपी घातलं, वर मूठभर हाडांचा चुरा. पुढची पालवी आणखी पिवळी आली. त्यानंतरची जवळजवळ पांढरी, कडेनं करपलेली.

उसाचा शेतकरी असं पान बांधावरून ओळखतो. ‘केवडा पडला’ म्हणतो. ही लोहाची टंचाई. लोह एकदा पानात बसलं की तिथून सहजी हलत नाही, म्हणून तुटवडा आधी कोवळ्या पानावर दिसतो. नत्राचं नेमकं उलट आहे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून शेंड्याला पुरवतं आणि खालची पानं शिरांसकट पिवळी पडतात. पिवळेपणा वर आहे की खाली, एवढं नीट पाहिलं तरी निम्मं निदान हाती येतं.

आता प्रश्न असा, की दख्खनच्या मातीत लोह कमी कसं पडेल? ही माती ज्या बेसाल्ट खडकाची झाली, त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा लोहाची ऑक्साइडंच असतात. लोह भरपूर आहे, ते मुळांना उचलता येत नाही. बेसाल्ट झिजताना कॅल्शियमही सुटतं. देशावर पाऊस बेताचा, त्यामुळे ते वाहून न जाता चुनखडी होऊन मातीतच साठतं. काळ्या मातीत सापडणारे पांढरे खडे ते हेच. चुनखडीमुळे मातीचा सामू ७.५ ते ८.५ पर्यंत जातो, आणि सामू एका अंकानं वाढला की मातीच्या पाण्यात विरघळणारं फेरिक लोह जवळपास हजारपटीनं घटतं. गुलाब आपल्या परीनं झगडतो. त्याची मुळं आम्ल सोडून लोह मोकळं करू पाहतात. पण चुनखडी आणि बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतात. पान पिवळं दिसलं म्हणून आपण पाणी वाढवतो, तेव्हा तर जास्तच बिघडतं. चिखल झालेल्या मातीत मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि बायकार्बोनेट आणखी वाढतं. गुलाबाला वाफसा हवा, चिखल नको.

मी कुंडीतली चमचाभर माती वाळवून बशीत घेतली आणि वर लिंबू पिळलं. क्षणभर काही नाही, मग बारीक बुडबुडे आले आणि कानाजवळ नेल्यावर फसफस ऐकूही आली. चुनखडीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तो. घरबसल्या करता येणारी इतकी बोलकी माती-परीक्षा दुसरी मला माहीत नाही.

रत्नागिरीच्या तांबड्या मातीवर हेच लिंबू पिळलं तर बहुधा काहीच होणार नाही. तिथल्या धुवांधार पावसानं चुना कधीच धुऊन नेला, माती आम्लधर्मी झाली. त्या मातीत हाडांचा चुरा हळूहळू विरघळून झाडाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, देतो. देशावरच्या चुनखडीच्या मातीत तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. म्हणून ‘गुलाबाला कोणतं खत चांगलं?’ या प्रश्नाला गाव विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

डीएपीचा हिशेबही मांडून पाहू. पिशवीवर १८:४६:० लिहिलेलं असतं. यातले १८ म्हणजे शेकडा नत्र. ४६ हा आकडा मात्र स्फुरदाच्या ऑक्साइडचा, तसा मोजायची प्रथा एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांपासून चालत आली आहे. त्यात शुद्ध फॉस्फरस सुमारे २०. म्हणजे नत्राहून फॉस्फरस जास्त! निरोगी गुलाबाच्या पानात, कोरड्या वजनावर, नत्र ३ ते ५ टक्के असतं आणि फॉस्फरस अवघा ०.२ ते ०.३ टक्के. झाड मागतं दहाला एक, आपण देतो बरोबरीनं. उरलेला फॉस्फरस चुन्याशी बांधला जातो आणि लोहाची वाट आणखी अडवतो. माझ्या कुंडीत हेच झालं होतं.

घरगुती उपायांचंही तेच. अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच्या मातीत आणखी चुना. एप्सम मिठानं मॅग्नेशियम मिळतं खरं, पण बेसाल्टच्या मातीत ते सहसा कमी नसतंच. केळीच्या सालीत पालाश चांगला असतो, ती मात्र कंपोस्टात कुजवून घालावी.

उपाय कोणता? हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकलं तर चुनखडीत त्याचं लोह लवकरच गंजासारखं निकामी होतं. चिलेटेड लोह घ्यायचं तर पाकिटावरचं नाव वाचा. ‘ईडीटीए’ची पकड सामू साडेसहाच्या वर ढिली पडत जाते, ‘ईडीडीएचए’ चुनखडीतही लोह धरून ठेवतं. मी दुसरं वापरलं, पाण्यात मिसळलं की लालभडक होणारं. पंधरवड्यानं आलेली पालवी तांबूस-हिरवी होती. टिकाऊ उपाय अर्थातच सावकाशीचा: चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी.

एरवीचं खत छाटणीच्या वेळापत्रकानं द्यावं. छाटणीनंतर डोळे फुगले की मूठभर निंबोळी पेंड आणि दोन-तीन मुठी गांडूळखत मातीत खुरपून मिसळावं. पालवी धरल्यावर पंधरा दिवसांतून एकदा लिटरभर पाण्यात एखादा ग्रॅम १९:१९:१९ पुरतं, तेही मातीत स्फुरद आधीच साठलेला नसेल तरच. कोरड्या कुंडीत खत कधीच घालू नये. क्षार मुळांतलंच पाणी ओढून घेतात आणि पानांच्या कडा करपतात. युरियाचा हात सैल सोडला तर लुसलुशीत फांद्या येतात आणि त्यांच्यावर मावा तुटून पडतो. कळीला रंग दिसला की खत थांबवावं.

यंदाच्या छाटणीआधी चमचाभर कोरड्या मातीवर लिंबू पिळून पाहा. फसफस झाली, तर गुलाबासाठी डीएपी आणू नका.