केस आज झडतात, कारण तीन महिन्यांपूर्वीचे

पुणे-नगर रस्त्यावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील अवर्षणग्रस्त टापूत वसलेले गाव. औद्योगिक वसाहतीबरोबर येथे बैठ्या नोकऱ्या आल्या, आणि वजन उतरविण्याची चिंताही आली. अशा एखाद्या घरातील सुनेने, समजा, दिवाळीनंतर रात्रीचे जेवण सोडले. दिवसा थोडी फळे व चहा एवढ्यावर निभावले. संक्रांतीपर्यंत आठ किलो वजन उतरले. परंतु शिवरात्रीच्या सुमारास फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. घरातील मंडळींनी बोअरच्या जड पाण्याला दोष दिला, तेल बदलले. खरा अपराधी मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण तो तीन महिने मागे राहिला होता.

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. त्यांपैकी शेकडा ८५ ते ९० वाढत असतात. उरलेले बहुतेक विश्रांतीच्या अवस्थेत असतात. ही विश्रांती सुमारे १०० दिवसांची. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे हा निसर्गक्रमच होय. अन्न एकाएकी तुटले म्हणजे शरीर काटकसर करू लागते. हृदय व मेंदू यांचा खर्च थांबविता येत नाही; केसांचा थांबविता येतो. मग वाढते केस मोठ्या संख्येने अकाली विश्रांतीस जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात.

१९६१ साली अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी या विकाराचे शास्त्रीय वर्णन केले. तथापि विषमज्वरानंतर किंवा बाळंतपणानंतर केस जातात व पुन्हा येतात, हे आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रियांना पूर्वीपासून ठाऊक आहे. दुखण्याने घडलेली उपासमार व हौसेने केलेली उपासमार यांत शरीर भेद करीत नाही, इतकेच.

या प्रकारात केसांचे मूळ शाबूत असते. आहार सुधारल्यावर बहुधा सहा महिन्यांत गळती थांबते. परंतु केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटरच वाढत असल्याने वेणीचा पूर्वीचा भरदारपणा येण्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. घाबरून पथ्य अजिबात सोडणे जितके अयोग्य, तितकेच अधिक उपाशी राहणेही. आठवड्याला अर्धा ते एक किलो एवढीच घट असावी. साबुदाण्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने नाममात्र असतात. त्यापेक्षा मोडाची मटकी, हुलग्याची शेंगोळी, बाजरीची भाकरी, दूध व चालत असल्यास अंडी यांची योजना करावी. रक्तातील लोह व गलग्रंथीचे कार्य तपासून घेणे हिताचे.

प्रत्येक गळती मात्र अशी नसते. डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात अनेकांना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमशी जोडला. म्हणून केस इतक्या झपाट्याने गेले, चट्टे पडले, किंवा गळती सहा महिन्यांहून अधिक टिकली, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. एरवी तेलाची बाटली बदलण्यापूर्वी तीन महिन्यांपूर्वीचे ताट आठवावे.