दानवांकडून सोडवून आणलेला देह

राज्य मिळावं म्हणून दायगो कागेमित्सु हा सरदार 48 दानवांपुढे हात जोडतो. मोबदल्यात देऊ करतो तो अजून जन्मालाही न आलेला स्वतःचा मुलगा. मूल जन्मतं ते हात नाहीत, पाय नाहीत, डोळे, कान, नाक काहीच नाही असं. दानवांनी त्याचा एकेक अवयव वाटून घेतलेला. तरी त्याच्यात धुगधुगी असते. बाप त्याला नदीत सोडायला लावतो. जुकाई नावाचा वैद्य त्याला पाण्यातून उचलतो, घडवलेले हातपाय बसवतो, हातात पातं लपवतो. हाच ह्याक्किमारू. मोठा झाल्यावर तो दानवांच्या मागावर निघतो, कारण दानव मेला की त्यानं नेलेला अवयव परत उगवतो.

ओसामु तेझुका यांनी ‘दोरोरो’ हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1967 मध्ये एका साप्ताहिकातून सुरू केला. त्यावरचा जिवंत नटांचा चित्रपट 2007 मध्ये आला. दिग्दर्शक अकिहिको शिओता, ह्याक्किमारूच्या भूमिकेत सातोशी त्सुमाबुकी, तर त्याच्या मागे लागणाऱ्या दोरोरो या चोराच्या भूमिकेत को शिबासाकी.

नदीत सोडलेलं मूल म्हटलं की आपल्याला कर्ण आठवणारच. पण इथे कथा नेमकी उलट्या बाजूनं चालते. कर्ण जन्मतःच कवचकुंडलं घेऊन येतो आणि पुढे ती अंगावरून उतरवून देऊन टाकतो. ह्याक्किमारूकडे जन्मतः काहीच नाही. त्याला जे मिळवायचं आहे ते मुळात त्याचंच आहे. म्हणूनच त्याच्या लढायांना पराक्रमापेक्षा वसुलीची धार आहे.

तेझुकांना हे सुचलं त्याला त्यांचं आयुष्यही कारण असावं, असं मला वाटतं. 1945 मध्ये ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, युद्धासाठी कारखान्यात राबत होते, आणि त्या आगीतून वाचले. पुढे ते वैद्यकशास्त्र शिकले. ‘ब्लॅक जॅक’ या त्यांच्या नंतरच्या गाजलेल्या मांगातला शल्यविशारदही सुटे अवयव जुळवून एका मुलीला देह देतो. जुकाई हा त्याचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. साठच्या दशकात जपानी मुलांना भुताखेतांच्या मांगाचं वेड लावणारे शिगेरु मिझुकी यांचा तर डावा हात दुसऱ्या महायुद्धात गेला होता. त्या पिढीला तुटलेलं शरीर कल्पनेनं रंगवावं लागत नव्हतं.

मांगातही दानवांइतकीच भीती युद्धाची आहे. मिओ नावाची मुलगी पडक्या देवळात अनाथ पोरं सांभाळते. सैनिक येतात आणि सगळ्यांना कापून काढतात. बान्मोन नावाची एक लाकडी भिंत एका गावाचे दोन तुकडे करते, पलीकडे जाऊ पाहणारा मारला जातो, आणि सुकेरोकु नावाच्या पोराचे आईबाप राहतात पलीकडे. बर्लिनची भिंत उभी होती, व्हिएतनाम जळत होता, तेव्हा हे मुलांच्या साप्ताहिकासाठी लिहिलं जात होतं. तेझुकांनी मुलांना कमी लेखलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून शिओता यांची निवड वरवर चमत्कारिक वाटते. ‘हानिकारक कीटक’ अशा अर्थाच्या नावाचा त्यांचा चित्रपट एका शाळकरी मुलीच्या उद्ध्वस्त होत जाण्याचा. ‘कॅनरी’ हा एका पंथाच्या तावडीत वाढलेल्या मुलाचा. दोन्ही छोटे, शांत चित्रपट. पण मोठ्यांच्या हव्यासाची किंमत लेकरांनी मोजायची, हा त्यांचा विषय आधीपासून ठरलेलाच होता. ‘दोरोरो’मध्ये तो फक्त दानवांचा वेष घेऊन आला.

म्हणून मला चित्रपटातला सर्वांत धाडसी बदल जुकाईच्या बाबतीतला वाटतो. इथे तो ह्याक्किमारूचे अवयव घडवतो ते युद्धात मेलेल्या मुलांच्या अवशेषांतून. म्हणजे नायक चालतो तो मेलेल्या पोरांच्या पायांवर. खरा पाय उगवला की तो उसना पाय गळून पडतो, आणि ह्याक्किमारू जमिनीवर तळमळत लोळतो. चित्रपट जिंकतो तो इथे. चित्रात अवयव गळणं आणि उगवणं रेषेच्या फटकाऱ्यात होतं. पडद्यावर माणसाला दुखावं लागतं. त्सुमाबुकी सुरुवातीला भावनाशून्य, लाकडासारखा वावरतो, कोपरापासून हात उपसून पातं मोकळं करतो तेही सवयीच्या निर्विकारपणानं. अवयव परत येत जातात तसा त्याचा चेहरा हलायला लागतो, आणि तो हळूहळू घाबरायला शिकतो.

दोरोरोला मांगात लहान पोर म्हणून रंगवलं आहे. चित्रपटात ती मुलग्यासारखी वाढलेली तरुणी आहे. तिच्या आईबापांचा जीव दायगोमुळेच गेलेला, त्यामुळे सोबत्याचा बाप कोण हे कळतं तेव्हा तिची होणारी ओढाताण हा चित्रपटाचा दुसरा कणा ठरतो. शिबासाकीचा आरडाओरडा काही ठिकाणी कानाला जड जातो, पण त्या कलाटणीला तीच सिनेमा तोलून धरते.

चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झालं, त्यामुळे उघडे डोंगर आणि अफाट माळ दिसतात, आणि कथा ओळखीच्या जपानी इतिहासातून सुटून कुठल्याच नकाशात नसलेल्या मुलखात जाते. मारामारीची आखणी हाँगकाँगच्या चिंग सिऊ-तुंग यांची. आपल्याकडे 2006 च्या ‘क्रिश’मधली हृतिक रोशनची साहसदृश्यंही त्यांनीच बसवली होती. तारांवर झुलणारं ते द्वंद्व देखणं आहे. संगणकावर बनवलेले दानव मात्र तेव्हाही रबरी वाटले असणार, आज तर फारच. त्यांना माफ करूनच पुढे पाहावं लागतं.

बापाच्या बाबतीत मात्र चित्रपट कमी पडतो. दायगोला सत्ता हवी, एवढंच कारण पुरे मानलं जातं. 2019 मधल्या 24 भागांच्या अॅनिमेशन मालिकेनं हा धागा फार पुढे नेला. तिथे करारामुळे मुलूख सुजलाम सुफलाम होतो, आणि ह्याक्किमारूला एकेक अवयव मिळू लागताच दुष्काळ परततो. एका पोराच्या हातापायांवर हजारोंची भाकरी चालत असेल तर ते त्याला परत द्यायचे की नाही? गावकऱ्यांनाही उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर फार भयंकर असतं. त्याच मालिकेत ह्याक्किमारूला कान मिळतात तेव्हा पावसाचा, माणसांचा, सगळा गोंगाट एकदम अंगावर येऊन तो गांगरतो, आणि मिओच्या गाण्यानं शांत होतो. पुढे तिचं काय होणार हे मांगा वाचलेल्याला माहीत असतं.

चित्रपट संपतो तेव्हा 24 अवयव मिळायचे बाकी असतात. पुढचे भाग काढायचा विचार होता, पण ते निघाले नाहीत. तेझुकांच्या हातूनही मांगा असाच मध्ये तुटला: 1968 मध्ये थांबला, पुढच्या वर्षी दुसऱ्या मासिकात घाईनं आवरला गेला. इंग्रजी अनुवाद 2008 मध्ये तीन खंडांत निघाला आणि त्याला चित्रकथांसाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला. चित्रपट पाहून जीव गुंतला तर ते खंड मिळवून वाचावेत. घाईनं संपवलेला असला तरी बान्मोनचा भाग वाचताना तेझुका पूर्ण ताकदीनिशी भेटतात.