दोनशे वर्षं जुन्या पुस्तकातून गिटार शिकता येते का?

वांद्र्यात गिटारचा क्लास शोधायला फार चालावं लागत नाही. चॅपल रोड, हिल रोड, पाली नाका, कुठेही गेलात तरी खांद्यावर गिटारची बॅग अडकवलेलं कुणीतरी दिसतंच. यातले बहुतेक जण कॉर्ड शिकतात. चार कॉर्ड, एक स्ट्रमिंग पॅटर्न आणि आवडतं गाणं. काही थोडे मात्र क्लासिकल गिटारकडे वळतात. त्यांच्या गिटारला नायलॉनच्या तारा असतात, हातात पिक नसतो, डावा पाय छोट्या स्टुलावर असतो. आणि समोर जे पुस्तक उघडलेलं असतं, त्याचा लेखक बऱ्याचदा 1853 साली वारलेला असतो.

हा लेखक म्हणजे मातेओ कारकासी. मूळचा फ्लॉरेन्सचा, नाव कमावलं पॅरिसमध्ये. त्याची गिटार 'मेथड' 1836 च्या सुमारास आली. त्याआधी 1810 च्या आसपास फेर्दिनांदो कारुल्लीची आली होती. ही पुस्तकं आज इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यामुळे प्रश्न पडतो: फुकट पुस्तक उतरवलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली, तर गिटार येईल का?

उत्तर आहे: धडे घ्या, पण हात कसा ठेवायचा हे त्यातून शिकू नका. असं का, ते पाहू.

वांद्र्याला पुस्तकातून संगीत नवं नाही

मुंबईतल्या गोवेकर संगीतकारांची गोष्ट अनेकांना ऐकून माहीत असते. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जायचं. पुढे हेच लोक मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात भरले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल शिकले आणि 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या गाण्यात गुरूचं नाव कायमचं बसलं. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि हे लोक ती कागदावर उतरवून पन्नास वादकांपुढे ठेवायचे. कागद वाचता येणं हीच त्यांची रोजीरोटी होती. वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीत, चर्चच्या क्वायरमध्ये ही सवय आजही टिकून आहे.

मराठी वाचकाला याहून जवळचं उदाहरण म्हणजे भातखंडे. वाळकेश्वरला जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिका' काढली, तेव्हाही वाद झालाच होता की राग पुस्तकातून येतो का. राग येत नाही. पण बंदिश हरवत नाही आणि कुठला धडा आधी, कुठला नंतर, हा क्रम हाती लागतो. गिटारच्या मेथडचंही बरंचसं असंच आहे.

पुस्तकात नेमकं काय असतं?

कारकासीचं पुस्तक तीन भागांत आहे. पहिल्या भागात तो एकेक स्केल घेतो. सी मेजर घेतलं की आधी सुटे स्वर, मग कॉर्ड, मग उजव्या हाताचा सराव आणि शेवटी छोटीशी रचना, एखादा वॉल्ट्झ किंवा मार्च. ते झालं की पुढचं स्केल. दुसऱ्या भागात स्लर, अलंकरण, गिटारच्या दांडीवरच्या वरच्या जागा. तिसऱ्या भागात पन्नास रचना, सोप्याकडून अवघडाकडे.

खरी गंमत या क्रमात आहे. यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओ स्वतंत्र असतो. काल काय शिकलात हे त्याला माहीत नसतं. इथे मात्र बाराव्या पानावरचा धडा अकराव्या पानावर उभा असतो.

मावरो जुलियानीने तर 1812 मध्ये उजव्या हाताचे 120 धडे छापले. सगळे जवळजवळ दोनच कॉर्डवर, सी आणि जी सेव्हन. डाव्या हाताला कामच नाही, म्हणून सगळं लक्ष उजव्या बोटांवर. इतका साधा विचार, पण आजही यापेक्षा चांगला उपाय फारसा कुणाला सुचलेला नाही.

बोटांसाठी पी, आय, एम, ए ही अक्षरं असतात. ती स्पॅनिश नावांची आद्याक्षरं आहेत. आपल्याकडे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका. करंगळी यात नाही. तिला तार छेडायची नसते.

मग अडचण कुठे येते?

अडचण याच करंगळीपाशी येते. कारकासी सांगतो की करंगळी गिटारच्या लाकडी पृष्ठभागावर हलकेच टेकवा. त्याच्या काळात ते चालायचं. तेव्हाची गिटार लहान होती, अंग सडपातळ, तारा आतड्याच्या. आज दुकानात मिळणारी क्लासिकल गिटार ही अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात घडवलेल्या साच्यावर चालते. तिचं अंग मोठं, तारेची लांबी साधारण 65 सेंटीमीटर. नायलॉनच्या तारा तर 1940 च्या दशकात आल्या. या गिटारवर करंगळी टेकवली की शेजारची अनामिका अडखळते आणि हात ताठ होतो. म्हणून आजचे शिक्षक करंगळी मोकळी ठेवायला सांगतात.

कारुल्ली तर डाव्या हाताचा अंगठा दांडीवरून वळवून सहावी तार दाबायला सांगतो. रॉक वाजवणारे आजही बिनधास्त तसं करतात. पण क्लासिकलच्या रुंद दांडीवर तो प्रयोग मनगटाला महागात पडू शकतो.

शिवाय तार छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकवायचं, हा आज पहिल्या महिन्यात शिकवला जाणारा प्रकार तुम्हाला या पुस्तकांत भेटणार नाही. तो पुढे फ्रान्सिस्को तारेगाच्या पिढीत रुळला आणि तारेगाने स्वतः मेथड लिहिलीच नाही. त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल याने विसाव्या शतकात ते काम चार खंडांत केलं.

आणि हे जुने लोक तरी कुठे एकमताचे होते! फर्नांदो सोर नखं न लावता वाजवायचा, दिओनिसिओ अग्वादो नखांनी. दोघांनी आपापली बाजू पुस्तकात मांडली. तरी दोस्ती अशी, की सोरने दोघांनी मिळून वाजवायची रचना लिहिली आणि तिला नावच 'दोन मित्र' असं दिलं. थोडक्यात, एखाद्या मेथडमध्ये छापलंय म्हणून ते ब्रह्मवाक्य नाही.

घरी बसून शिकायचं असेल तर

या मेथड शिक्षक समोर आहे असं धरून लिहिल्या होत्या. मनगट वाकडं झालंय, खांदा वर गेलाय, हे कागद सांगत नाही. दर आठवड्याचा क्लास परवडत नसेल तर सुरुवातीचे दोन-तीन महिने तरी कुणा जाणत्याला हात दाखवा. नंतर महिन्यातून एकदा चालेल. मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढून पाहणं हाही बऱ्यापैकी उपाय आहे. हात किंवा मनगट दुखायला लागलं की थांबायचं. बोटांची टोकं हुळहुळणं वेगळं, सांधा दुखणं वेगळं.

टॅबची सवय असेल तर पहिले काही आठवडे नोटेशन वाचणं कंटाळवाणं वाटेल. पण ट्रिनिटीसारख्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील तर त्याला पर्याय नाही. सोर, कारकासी, जुलियानी यांच्या रचना त्या अभ्यासक्रमांत आजही दिसतात, त्यामुळे घरी केलेली मेहनत वाया जात नाही.

पुस्तक उतरवताना एक गोष्ट पाहा. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, म्हणून कारकासीची मूळ आवृत्ती खुली आहे. पण अलीकडच्या एखाद्या संपादकाने बोटांचे आकडे बदलून काढलेली आवृत्ती खुली असेलच असं नाही. अशी नवी आवृत्ती विकत घेणं तसं फायद्याचंच, कारण चांगल्या संपादकाने ती टेकलेली करंगळी बहुधा आधीच उचललेली असते.