आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक असतो राखणदार; तो चूक कशी पकडतो, जाणून घ्या

पीक विम्याचा नाहीतर कुठल्या योजनेचा फॉर्म भरताना आधार नंबर टाकला, की कधी कधी लगेच लाल अक्षरांत येतं, ‘नंबर चुकीचा आहे’. अजून ओटीपीसुद्धा आलेला नसतो. मग मोबाईलला चूक कळते कशी?

उत्तर त्या नंबरातच आहे. आधारचे पहिले ११ अंक हा मूळ नंबर. बारावा अंक त्या ११ अंकांवरून गणित करून काढलेला असतो. गणित जुळलं नाही, की समजायचं कुठेतरी अंक चुकला.

हे गणित म्हणजे नुसती बेरीज नाही. समजा ४७ च्या जागी ७४ पडलं, तर बेरीज दोन्हीकडे ११ च येते. चूक सापडणारच नाही. म्हणून आधारला ‘व्हरहूफ’ पद्धत वापरतात. नेदरलँड्सचे गणिती याकोबस व्हरहूफ यांनी ती १९६९ मध्ये मांडली. यात अंक कोणता आणि तो कितव्या जागेवर, दोन्ही पाहिलं जातं. त्यामुळे एकच अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले, तर चूक हमखास पकडली जाते. दोन-तीन ठिकाणी एकदम गडबड झाली, तर मात्र ती क्वचित निसटू शकते.

पण गणित जुळलं म्हणजे आधार खरं, असं समजू नका. आधार नंबर ० किंवा १ ने सुरू होत नाही. तरीही या नियमांत बसणारे ८,००० कोटी नंबर तयार होतात, आणि देशाची लोकसंख्या दीडशे कोटींच्या आत आहे. म्हणजे बहुतेक नंबर कुणालाच दिलेले नाहीत! कुणाच्या आधारची खात्री करायची असेल, तर यूआयडीएआयच्या वेबसाइटवर पडताळणी करा. तिथे वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे ३ अंक दिसतात. शंका असल्यास १९४७ वर फोन करा.

बँक खात्याचं मात्र वेगळं आहे. प्रत्येक बँकेचे अंक कमी-जास्त असतात आणि सगळ्यांना लागू असा एकच तपासणी अंक नाही. एक अंक चुकला, तर पैसे भलत्याच्याच खात्यात जाऊ शकतात. म्हणूनच खाते नंबर दोनदा विचारतात. दुसऱ्यांदा कॉपी-पेस्ट करू नका. पासबुक समोर ठेवा आणि एकेक अंक बघून हाताने टाका.