एक मुलूख, अनेक दफ्तरे

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम सरकार आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात झालेला ‘जैसे थे’ करार वरकरणी एका वर्षाच्या शांततेचा तहनामा होता. परंतु परराष्ट्रसंबंध दिल्लीकडेच राहतील असे गृहीत धरले गेले असता हैदराबादेने पाकिस्तानास वीस कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले, आणि हे प्रकरण परराष्ट्रीय मानावे की घरचे, व कोणत्या दफ्तराने त्याचा निकाल लावावा, असा पेच दिल्लीपुढे पडला.

संस्थान खाते वल्लभभाई पटेलांकडे, परराष्ट्र खाते खुद्द पंतप्रधानांकडे, संरक्षण बलदेवसिंगांकडे. जानेवारी १९४८ मध्ये हिंदुस्थान सरकारचे एजंट-जनरल म्हणून हैदराबादेस गेलेले कन्हैयालाल मुनशी यांचे खलिते संस्थान खात्याकडे जात, तर निजामाचे सल्लागार सर वॉल्टर मॉंक्टन यांच्याशी चाललेल्या बोलण्याची सूत्रे जूनपर्यंत बहुतांशी गव्हर्नर-जनरल माउंटबॅटन यांच्या हाती होती. सरसेनापती जनरल बुचर, काश्मिरात फौज गुंतलेली असल्यामुळे, सबुरीचा सल्ला देत राहिले. तिन्ही खात्यांच्या चिंता आपापल्या जागी खऱ्या होत्या, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि त्या विचारविनिमयाला लागलेल्या प्रत्येक महिन्याची किंमत निजामी मुलखातील रयत मोजत होती. मुंबई-मद्रास लोहमार्ग गुलबर्गा जिल्ह्यातून जातो, आणि दत्तभक्तांना जे गाणगापूर क्षेत्र म्हणून ठाऊक आहे त्याच्याच स्थानकावर मे १९४८ मध्ये आगगाडीवर हल्ला झाला.

ऑगस्टच्या २१ तारखेस हैदराबादेने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे हिंदुस्थानविरुद्ध तक्रार गुदरली, तेव्हा मात्र ही दफ्तरे एका सुरात बोलू लागली. हैदराबादेवरील लष्करी मोहिमेस युद्ध न म्हणता ‘पोलीस कारवाई’ म्हणण्यात जेवढी मुत्सद्देगिरी होती, तेवढीच कायद्याची सावधगिरी होती. कारण हैदराबाद सार्वभौम राज्य नाही, या एकाच मुद्द्यावर हिंदुस्थानचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांना पॅरिस येथे परिषदेपुढे उभे राहावयाचे होते. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून मेजर जनरल चौधरी यांची मुख्य फौज नळदुर्गाच्या रोखाने निघाली, १६ रोजी परिषदेत प्रश्न निघाला, १७ रोजी निजामाने शरणागती पत्करली, आणि काही दिवसांतच त्याने तक्रार मागे घेतल्याची तार गेली. परिषदेत निर्णायक ठराव होण्यापूर्वीच रणांगणावर निकाल लागावा, हा मेळ उत्तम साधला, यात शंका नाही.

पण विजयानंतरच्या व्यवस्थेची तजवीज तितक्या काळजीने झालेली नव्हती. नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुलखात फिरून कारवाईच्या काळात व त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर व नांदेड यांच्याबरोबर गुलबर्ग्याचे नाव घातले. निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र दलाच्या अत्याचारांची कैफियत सरकारने ऑगस्टमध्येच श्वेतपत्रिकेत छापली होती. समितीचा अहवाल मात्र अनेक दशके अप्रकाशित राहिला. जगापुढे बाजू मांडण्यात दिल्लीने जी एकवाक्यता दाखविली, ती कारवाईनंतर या जिल्ह्यांतील रयतेच्या रक्षणात दाखविली नाही, असेच म्हणावे लागते.