श्रावणातील कनकेश्वर : रानातल्या यजमानांच्या दारी

श्रावण लागला की अलिबाग परिसरातील भाविकांची दृष्टी कनकेश्वराच्या डोंगराकडे वळते. मापगावच्या पायथ्यापासून सुमारे ७०० पायऱ्यांची ही चढण. आंग्र्यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी इ. स. १७६४ मध्ये ती बांधविली. नागोबाचा टप्पा, देवाची पायरी अशा विसाव्यांवर दम घेत यात्रिक वर जातो. झडीच्या दिवसांत कातळावरून पाण्याच्या धारा कोसळत असतात, घळीतून ओहोळ खळाळत असतात. कनकेश्वराचे माहात्म्य गाभाऱ्यापाशी सुरू होते असे आम्ही मानीत नाही. ते पहिल्या पायरीशीच सुरू होते. दोन्ही अंगांचे रान हेही त्या देवाचेच आवार.

आता ऋतूचा विचार पाहा. पावसाळ्यात संन्याशाने फिरू नये, एका स्थानी राहावे, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे. नद्यानाले भरतात म्हणून हा नियम, अशी अनेकांची समजूत असते. ते कारण गौण. या दिवसांत भूमी जीवांनी भरलेली असते, चालणाऱ्याच्या पावलाखाली नकळत हिंसा घडते, हे मुख्य कारण. गृहस्थाला हा नियम नाही. तो श्रावण सोमवारी डोंगर चढतो आणि त्याने चढावाच. मात्र ज्यांच्यासाठी यती घरी थांबला, त्यांच्याच दारावरून आपण जात आहो, एवढे भान असावे.

कोण हे दारवाले? नवरंग पक्षी घ्या. दक्षिणेकडून तो पावसाच्या तोंडावर कोकणच्या रानात येतो आणि काटक्यापानांचे गोल घरटे बांधतो. पहाटे व तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. तिबोटी खंड्या तर चिमणीहून फारसा मोठा नव्हे, पण त्याच्या अंगावरचे जांभळे-केशरी रंग पाहून पैठणीनेही लाजावे! ओहोळाकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरून त्यात तो अंडी घालतो. आपण गंमत म्हणून त्या दरडीवर चढतो, किंवा पायऱ्या सोडून जवळची वाट काढतो, तेव्हा ढासळते ती नुसती माती नसते.

याच डोंगरापासून जवळ, समुद्रकाठच्या किहीम गावी, १९३० च्या पावसाळ्यात पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरणीची वसाहत न्याहाळली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणू लागतो. हे निरीक्षण त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या भाषेने मात्र या विणकराला बाईचे नाव देऊन ठेवले आहे! घरकामाचे श्रेय स्त्रीला देण्याची ही एकच जागा असावी, आणि तीही नेमकी चुकीची.

आदिकाव्याची कथा आम्ही कीर्तनात पुष्कळदा लावली आहे. निषादाने क्रौंचाच्या जोडीतील नर मारला, तेव्हा वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला. पारध तर त्या काळीही नित्य चालत असे. मुनी कळवळले ते जोडी प्रणयात रमली असता बाण सुटला म्हणून. म्हणजे काळवेळेचा अपराध होता. श्रावणातले रान तेच आहे, फक्त बाणाच्या जागी आता खिशातल्या यंत्रातून मोठ्याने वाजणारी गाणी आली आहेत. त्यात कधी भजनेही असतात. नवरंगाला त्याचा भेद काय कळणार? नामस्मरण करायचे तर ते ओठांत करावे, शंकर बहिरा नाही.

जाणाऱ्यांनी उजाडता मापगाव सोडावे. पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून हाती काठी असावी. ओहोळापाशी घटकाभर बोलणे थांबवून उभे राहावे. दाट सावलीतून कस्तुराची शीळ ऐकू आली, तर एखादा गुराखी वाट विसरून शीळ घालीत बसला आहे असेच वाटेल. फराळाचे कागद आणि पिशव्या पुन्हा आपल्याच झोळीत घालाव्या. वर पुष्करणी आहे, अभिषेकाला पाणी तेथलेच. दर्शन आटोपून दुपारपूर्वी उतरणे बरे, कारण मोठी सर आली की पाखाडीचाच ओढा होतो.