नवा कोरा डोंगा, अन् पहिल्याच दिवशी पाणी!

मैत्रिणींनो, माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारून आवाज ऐकतो. घरी आणला की पाणी भरून बुड पाहतो. दोनशे रुपयांच्या माठाची एवढी पारख! पण माझ्या भावाने ६५ हजारांचा डोंगा घेतला, तेव्हा आम्ही काय पाहिलं? वरचा निळा रंग आणि नारळ फोडायचा मुहूर्त.

माझं सासर अकोल्याचं, माहेर मोर्शी तालुक्यातलं. माहेरी आम्ही भोई. सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयात, म्हणजे नळ-दमयंती सागरात, भाऊ जाळं टाकतो. रोहू, कटला, मृगळ जे मिळेल ते वहिनी बाजारात बसून विकते. जुना लाकडी डोंगा कुजला, तेव्हा सगळ्यांनी ॲल्युमिनियमचा घ्यायचं ठरवलं. वजनाला हलका, गंजत नाही, दरवर्षी डांबर फासायला नको. वहिनीने पाटल्या मोडल्या. बनवणारा म्हणाला, "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल." आम्ही साध्या चिठ्ठीवर पैसे देऊन मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनीचा फोन. "ताई, नवा डोंगा झिरपून रायला वो! तुमचे भाऊ टमरेलानं पाणी उपसत कसेबसे काठाले आले. मले तं लय भेव वाटून रायलं."

भीती उगाच नव्हती. १४ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात, वरूड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. त्या अपघाताची कारणं वेगळी असतील. पण तेव्हापासून आमच्या घरातली बाई डोंगा काठाला लागेपर्यंत चुलीजवळ स्वस्थ बसत नाही.

भावाने फोन केला तर उत्तर काय? "पाण्यात उतरवल्यावर आमची जबाबदारी संपली." मग मीच मोर्शी गाठली. गावातल्या लेथवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी पत्र्याला व्हर्नियर लावला. सांगितला होता ३ मिलिमीटर, निघाला २. जोडाच्या वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं होती, रंगाखाली झाकलेली. बोल्ट साधे लोखंडी. दोन वेगळे धातू ओले राहून एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हे काकांनी सांगितलं. चिंचेचं आंबट ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला खड्डे पडतात, तशीच ही गत.

सगळ्यात वाईट बाब पुढेच होती. बसायच्या फळीखाली फोम भरलेला असायला हवा, म्हणजे पाणी शिरलं तरी डोंगा तरंगत राहतो. आमच्या फळीखाली होती नुसती पोकळी! लाकूड पाणी भरलं तरी बुडत नाही, पत्रा सरळ तळ गाठतो.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मनात धाकधूक होती, की डोंगा तर धंद्यासाठी घेतलेला, मग आम्ही ग्राहक कसे? तिथे कळलं, की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तूही ग्राहक कायद्यात बसते. म्हणजे शिलाई मशीन घेणारी, पिठाची गिरणी घेणारी, आपल्यातली प्रत्येक बाई ग्राहकच! २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विकणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, फक्त २ वर्षांच्या आत जायला हवं. बिल न देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापार प्रथाच ठरते. आम्ही मात्र ते हौसेने सोडून दिलं होतं.

मग चिठ्ठीची झेरॉक्स, फोटो, लेथवाल्याने लिहून दिलेलं माप, असं सगळं जोडून रजिस्टर पत्र पाठवलं. 'अमरावतीच्या आयोगात तक्रार करू' हेही लिहिलं. आठवड्यात गाडी आली आणि डोंगा घेऊन गेली.

तो परत घ्यायला यावेळी वहिनी स्वतः गेली. लेथवाल्या काकांनी शिकवल्याप्रमाणे तिने सोबत खडूची भुकटी आणि कुठूनशी मिळवलेली बाटलीभर रॉकेल नेली. जोडाला बाहेरून खडू कालवून फासला, वाळू दिला, आतून रॉकेल लावलं. जिथे छिद्र, तिथे पांढऱ्यावर ओला डाग उमटतो. एका कोपऱ्यात डाग उमटलाच! "हे परत करा," म्हणाली, आणि होईस्तोवर तिथेच बसून राहिली. नंतर डोंगा ठोकळ्यांवर ठेवून आत चार बोटं पाणी भरायला लावलं, खालून हात फिरवून पाहिलं. बोल्ट स्टीलचे आले, फळीखाली फोम आला. पातळ पत्र्याचे ८ हजार परत मिळाले. पक्कं बिल घेतलं, त्यावर पत्र्याची जाडी आणि हमीची मुदत लिहून घेतली.

दीड महिन्याची मासेमारी बुडाली, ती काही परत आली नाही. मोडलेल्या पाटल्याही अजून झालेल्या नाहीत. पण परवा वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, आता मी सकाळी निवांत भाकरी टाकतो वो."

डोंगा सगळ्याच जणी घेणार नाहीत. पण कुलर, मशीन, गिरणी तर घेतोच ना? मग दुकानदार घाई करत असला तरी खुशाल थांबा. पाणी भरून पाहा, चालवून पाहा आणि पक्कं बिल हातात पडल्याशिवाय पदराची गाठ सोडू नका.